खंडेनवमीला राहिलेलं अपडेट

रिटायर होऊन दीड वर्ष झालं, तरी माझी सुटका नाही. निगडीला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक मला गाठतात आणि मोबाइल नाकापुढे धरतात. "मॅडम, जरा बघा ना, कालपर्यंत चालत होतं." अहो, कालपर्यंत सगळंच चालत असतं! बंद पडलेली कुठलीही वस्तू आदल्या दिवशी चालतच असते. चाकणच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं मी हे वाक्य रोज ऐकलं, आणि अजूनही ते ऐकलं की माझी कानशिलं तापतात.

आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. गमतीदार! माझ्या नोकरीत गंमत इतरांची व्हायची, माझ्या डोक्याला ताप व्हायचा. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती गमतीची नाही, पण आता लिहून टाकते.

आमच्या कारखान्यात चारचाकी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनायच्या. मी तिथली 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम'. साठ-पासष्ट मशीन, चार प्रिंटर, एक सर्व्हर आणि मी. माझ्या खात्यात दुसरं कोणी नव्हतं. माउस हलत नाही, मॅडम. कागद अडकला, मॅडम. एसी गळतोय, मॅडम. एसीचा आणि माझा काय संबंध? पण त्याला वायर आहे ना, मग तो माझाच.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळलं असेल तर ब्राउझरने. ब्राउझर म्हणजे ज्या प्रोग्राममधून आपण वेबसाइट बघतो, तो. त्याची नवी आवृत्ती दर महिन्या-दोन महिन्यांनी येते. ती घ्यावीच लागते, कारण जुनीत चोरांना शिरायला फटी राहतात आणि पुढे पुढे वेबसाइटही जुनीत उघडेनाशा होतात. इतकी साधी गोष्ट आहे. पण आमच्या लोकांना ती कोण सांगणार? स्टोअर्सच्या एका गृहस्थांनी 'नंतर आठवण करा' हे बटण सलग तीन वर्षं दाबलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "करतोय की ते आठवण, काही त्रास नाही त्याचा." परचेसच्या बाईंचं अपडेट केलं आणि वरची आवडत्या साइटची पट्टी गायब झाली, तर त्यांनी चक्क डोळ्यांना पदर लावला. पट्टी मी दोन मिनिटांत परत आणली. तरी पुढचे सहा महिने मी दिसले की त्या माउसवर हात ठेवून बसायच्या.

पण सांगायचं आहे ते डिस्पॅचच्या हरिभाऊंबद्दल.

हरिभाऊ मूळचे तिथलेच, चाकणजवळच्या गावचे. त्यांची जमीन कंपनीत गेली आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ते हे. आधी पॅकिंगला होते, मग डिस्पॅचला आले. शिक्षण आठवी. इंग्रजी अक्षरं ओळखायची, शब्द नाही. आणि या माणसाने नऊ वर्षं आमचा सगळा माल बाहेर काढला, एकही गाडी परत न येऊ देता!

हे काम काय असतं ते सांगते. आमचा मोठा ग्राहक म्हणजे गाड्या बनवणारी कंपनी. ती बिजागऱ्यांचा साठा ठेवत नाही. आमचा टेम्पो दर तीन-चार तासांनी तिथे पोहोचायचा आणि माल थेट त्यांच्या गाड्या जोडायच्या लाइनवर जायचा. टेम्पो चुकला की त्यांची लाइन थांबते, आणि लाइन थांबली की आमच्या साहेबांचा फोन वाजतो. प्रत्येक टेम्पो निघण्याआधी ग्राहकाच्या वेबसाइटवर नोंद करायची : कुठला माल, किती नग, गाडीचा नंबर. मग तिथून बारकोडची चिठ्ठी छापून येते. चिठ्ठी नसेल तर त्यांच्या गेटवरचा वॉचमन टेम्पो आत सोडत नाही. आणि ती नोंद फक्त डिस्पॅचच्या एका मशीनवरूनच करता यायची, कारण ग्राहकाने तेवढं एकच मशीन नोंदवून घेतलं होतं.

हरिभाऊ ही वेबसाइट वाचत नसत. ती त्यांना पाठ होती. त्यांची एक दोनशे पानी वही होती, तिच्यात त्यांनी पेन्सिलने प्रत्येक पानाचं चित्र काढलं होतं. चौकटी, बाण, निळ्या बटणाला निळा खडू. वरून तिसरं दाबायचं, खाली दोनदा, मग उजवीकडचं हिरवं. इंग्रजीत एम. ए. झालेल्या माणसालाही जमलं नसतं इतक्या वेगाने ते हे करायचे. मला त्यांचं कौतुक होतं आणि तितकीच धास्तीही, कारण एखादं बटण बोटभर सरकलं असतं तरी सगळं संपलं असतं.

आणि ते सरकणार होतं. ग्राहकाची मेल आली : वेबसाइट नवी होतेय, जुन्या ब्राउझरवर उघडणार नाही, तीन महिन्यांत नवी आवृत्ती घ्या. मेल मला आली होती, एकटीला. हे लक्षात ठेवा.

मी हरिभाऊंना सांगितलं. त्यांनी हातच जोडले. "मॅडम, दोन वर्सं र्‍हायलीत माजी. तेवडी काडू द्या की याच्यावर."

"अहो, माझ्या हातात आहे का ते?"

"तुमच्याच हातात हाय. तुमी दाबलं तर हुईल, न्हाई दाबलं तर न्हाई हुनार."

त्यांना भीती होती, आणि ती खोटी नव्हती. प्लँटचे मुख्य, सबनीस साहेब, मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत बोलून गेले होते, "डिस्पॅचमुळे एकदा जरी लाइन थांबली ना, तर त्या खुर्चीवर मी ग्रॅज्युएट बसवणार." हरिभाऊंना ती खुर्ची जिवापलीकडे होती. गावात त्यांना लोक 'कॉम्प्युटरवर हायत' म्हणून ओळखायचे.

मी काय केलं? काही नाही केलं. मला दया आली हे खरं. पण कंटाळाही आला, हे जास्त खरं. त्या मशीनचं अपडेट म्हणजे नुसतं एक बटण नव्हतं. बारकोडचा प्रिंटर परत जोडा, डिजिटल सही परत बसवा आणि वर हरिभाऊंना पहिल्यापासून नवी चित्रं काढायला शिकवा. निदान दोन आठवडे त्यांच्या शेजारी बसावं लागलं असतं. इकडे माझा फोन दर दहा मिनिटांनी कोकलतोय. ग्राहकाने याआधी अशा बदलांची मुदत दोनदा वाढवली होती, म्हटलं तिसऱ्यांदाही वाढवतील. त्यांची आठवणीची मेल आली, मी वाचली. दुसरी आली, तीही वाचली. स्टोअर्सच्या त्या गृहस्थांना मी हसत होते आणि स्वतः तेच करत होते.

शेवटी मुदत अगदी दसऱ्यापर्यंत आली. मी ठरवलं, खंडेनवमीला दुपारनंतर प्रेस, म्हणजे पत्रा दाबायची मोठी मशीन, बंद असतात, डिस्पॅचही नसतो, तेव्हा करून टाकू. दसऱ्याची सुट्टी मध्ये आहे, काही बिघडलं तर सावरता येईल.

आता खंडेनवमीला कारखान्यात काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. सकाळपासून प्रत्येक मशीन धुऊन पुसून लख्ख. प्रेसला झेंडूची तोरणं, पान्यांना हळद-कुंकू, नारळ, पेढे. आणि कॉम्प्युटर हेही हत्यारच ना! मी दरवर्षी घसा फोडून ओरडायचे, "अहो, की-बोर्डवर कुंकू टाकू नका!" आणि दरवर्षी दसऱ्यानंतर निम्म्या ऑफिसचे की-बोर्ड उलटे करून आपटत बसायचे.

तीन वाजता मी डिस्पॅचला गेले. हरिभाऊंनी मशीन बंद करून, पुसून, पाटावर ठेवल्यासारखं टेबलावर मांडलं होतं. मॉनिटरला हार, सीपीयूवर स्वस्तिक, पुढे अगरबत्ती, आणि त्यांची ती वही, तिलाही हळद-कुंकू.

"हरिभाऊ, सरका. मला अपडेट करायचंय."

ते माझ्यासमोर आडवे उभे राहिले. या माणसाने कधी मला उलट उत्तर दिलं नव्हतं. "आज न्हाई मॅडम. पूजा झाल्याली हाय. आज हत्याराला हात न्हाई लावायचा."

"अहो, हे काय नांगर आहे का?"

"आमचा बा नांगराला न्हाई लावायचा, आमी याला न्हाई लावत. परवा करू. परवा सकाळी लवकर या, म्या बी येतो."

मी सायन्सची पदवीधर. देवाधर्माची तशी फार नाही. पण खरं सांगू? त्या हार घातलेल्या मशीनचं बटण दाबायला माझाही हात धजावला नाही. आणि परत तोच कंटाळा. मी म्हटलं, "बरं, परवा." त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मी घरी आले.

परवा सकाळी मी लवकर निघाले का? नाही. नेहमीचीच बस पकडली. तळवड्याच्या पुढे नेहमीसारखा ट्रॅफिक जाम, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, पान उगडंना. लाल पट्टी येतीया नुसती."

म्हणजे मुदत वाढवली नव्हती. फोनवरूनच अपडेट चालू करून घ्यावं म्हणून मी विचारलं, "हरिभाऊ, घाबरू नका. वर काय दिसतं?"

"वर? पंखा."

"अहो, स्क्रीनवर वर! उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं आहेत का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हायती... न्हाई, माशीची घाण हाय ती, पुसली."

बसमधले लोक हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

पोहोचले तेव्हा मुनाफभाई, आमचे टेम्पोवाले, डिस्पॅचच्या दारात उभे. "मॅडम, गाडी कबकी भरके खडी है. वहांसे चार फोन आले. काय सांगू?"

"सांगा, निघालो म्हणून."

"कायसे निघालो? चिठ्ठीच नाही ना!"

मॉनिटरला अजून हार तसाच होता. मी तो काढून बाजूला फेकला आणि अपडेट सुरू केलं. तुम्ही कधी पाच माणसं पाठीशी उभी असताना ती टक्क्यांची पट्टी सरकताना बघितली आहे? बारा टक्के. तेरा. बेचाळीसवर येऊन ती थांबली आणि हलेचना. सबनीस साहेब येऊन उभे राहिले. ते फक्त घड्याळ बघत होते, आणि ओरडणाऱ्या माणसापेक्षा ते वाईट. एकदाचं झालं, तर नवा ब्राउझर नव्या सुनेसारखा प्रत्येक गोष्ट विचारायला लागला. मला मुख्य ब्राउझर करू का? तुमचं खातं जोडू का? नवीन काय आहे ते दाखवू का? मेल्या, गप बस ना जरा! मग डिजिटल सही सापडेना, ती बसवली. प्रिंटर जोडला. आणि वेबसाइट उघडली.

सगळं बदललेलं होतं. निळं बटण नाही, हिरवं नाही, सगळं करडं आणि पांढरं. डावीकडे लांबलचक यादी, तीही इंग्रजीत. हरिभाऊ खुर्चीत बसले, माउसवर हात ठेवला, वही उघडली. वहीकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, परत वहीकडे. बाण कुठे न्यावा हेच त्यांना कळत नव्हतं.

"उठा," मी म्हटलं. "उठा हो, वेळ नाहीये, मी करते."

ते उठले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत कामाच्या वेळी दुसरं कोणी बसलं. मी धडाधड नोंदी टाकल्या. गाडीचा नंबर, नग, मालाचे नंबर. पाठवा दाबणार, तोच मागून आवाज आला, "मॅडम, थांबा. डावं-उजवं उलटं झालंय. शेवटी चार हाय ते डावं, सात हाय ते उजवं."

खरंच डाव्या आणि उजव्या दाराच्या बिजागऱ्यांचे नंबर उलटे पडले होते. त्यांना वाचता येत नव्हते ते शब्द, आकडे मात्र पाठ होते. तसंच गेलं असतं तर टेम्पो गेटवरून परत आला असता आणि सगळी सकाळ गेली असती. मी दुरुस्त केलं, चिठ्ठी छापली, मुनाफभाईंनी ती जवळजवळ हिसकावलीच आणि गाडी सुसाट काढली. तरी पलीकडे लाइन वीस मिनिटं थांबलीच.

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. मला आणि हरिभाऊंना. सबनीस साहेबांनी शांतपणे विचारलं, "तारीख आधी कळवली होती म्हणतायत ग्राहकाकडचे. मग अपडेट आधी का नाही झालं?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तीन मेल माझ्याकडे आल्या होत्या, तीन महिने होते, आणि मी काही केलं नव्हतं, इतकंच सांगायचं होतं. पण माझ्याआधी हरिभाऊ बोलले.

"साहेब, मॅडम आल्या हुत्या खंडेनवमीला. म्याच हात लावू दिला न्हाई. पूजा झाल्याली हुती म्हनून. चूक माजी हाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "असं झालं का, मॅडम?"

त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर 'हो' होतं. मी म्हटलं, "हो." आणि मग मिठाची गुळणी धरून बसले. तीन मेलचा 'म' माझ्या तोंडून निघाला नाही. मला माझी नोकरी दिसत होती, माझं एकवीस वर्षांचं नाव दिसत होतं. शेजारी उभा असलेला माणूस मला दिसला नाही.

पुढच्या सोमवारी हरिभाऊंना गेटवर टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर रजिस्टरमध्ये लिहायचे. डिस्पॅचला एक पदवीधर मुलगी आली. हुशार होती, नवी वेबसाइट दोन दिवसांत शिकली. ब्राउझर आता आपोआप अपडेट होतो, कोणाला विचारत नाही, कोणाची पूजाही बघत नाही. मी सकाळी बसमधून उतरले की हरिभाऊ गेटवरून नमस्कार करायचे. मी मान हलवून पुढे जायचे. कामाची घाई आहे असं दाखवायला मला नेहमीच छान जमायचं.

दीड वर्ष मी अशीच मान हलवली. मग माझी रिटायरमेंट आली, त्यांच्या आधी चार महिने. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी चहाचे दोन कप घेऊन गेटच्या केबिनमध्ये गेले. पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं : मेल मला आल्या होत्या, तीन महिने होते, तुमच्यामुळे एक दिवसही उशीर झाला नव्हता, सगळं माझ्यामुळे झालं होतं, आणि मी साहेबांच्या केबिनमध्ये गप्प बसले.

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "ठावं हाय की मला. तुमीच तर सांगितलं हुतं मेल आलीया म्हनून."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"मला कोन काडनार, मॅडम? जमीन दिल्याली हाय आमी. फार तर हलिवत्याल. तुमाला मातर काडलं असतं."

म्हणजे त्यांनी सगळा विचार आधीच केला होता. त्या दिवशी साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून, मी घाबरून घाम पुसत होते तेवढ्या वेळात. मी म्हटलं, "हरिभाऊ, मला माफ करा."

बाहेर एक कंटेनर येऊन थांबला होता. त्यांनी बशी खाली ठेवली, चष्मा लावला, रजिस्टर ओढलं. नंबर लिहिता लिहिता, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"माफी कसली? खुर्ची तर जानारच हुती. पन तुमी त्या दिसी साहेबापुडं येक शब्द बोलला असता ना मॅडम, तर लई बरं वाटलं असतं."